आजीचे शब्द आणि पायथनची यादी

मराठी आणि इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला पायथन कशाला हवं, हा प्रश्न मला या सत्रात घरी, वर्गात आणि आपल्या मंडळाच्या बैठकीतही विचारला गेला. उत्तर साधं आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो. मी संगणकाचा घेतला. त्यात सरांनी सराव दिला: काळ्या खिडकीत चालणारा, बटणं-चित्रं काही नसलेला एक छोटा प्रोग्राम लिहा. त्यात एक यादी असू द्या. यादीत भर घालता आली पाहिजे, त्यातून काढता आलं पाहिजे, शोधता आणि क्रम लावता आला पाहिजे. बस, एवढंच. वर्गात बहुतेकांनी किराण्याची यादी केली, काहींनी लग्नाच्या पाहुण्यांची. मी माझ्या आजीच्या शब्दांची केली.

प्रोग्राम जेमतेम चाळीस ओळींचा आहे. पण तो लिहिताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा आला, आणि तो काही संगणकाचाच नव्हता. यादी करायची तर आधी ठरवावं लागतं, की यादीत 'एक' म्हणजे काय?

आमचं गाव पांढुर्णा. बहुतेकांनी हे नाव गोटमारीमुळे ऐकलेलं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही संत्र्याच्या आणि कपाशीच्या गोष्टी करतो. गाव मध्य प्रदेशात, नागपूर-इटारसी रेल्वेवर. घरात मराठी, शाळा हिंदी, रविवारचा मिस्सा हिंदीत आणि रात्रीची रोझरी मराठीत, अशी आमची वाटणी. मराठी मी वाचायला शिकले ती हिंदीच्या अक्षरओळखीवरून, आणि पुस्तकातली मराठी खऱ्या अर्थाने भेटली ती नागपूरला कॉलेजात आल्यावर.

म्हणून सरावाची पहिली यादी मी या रेल्वेचीच केली. नागपूर, कळमेश्वर, काटोल, नरखेड, पांढुर्णा. सगळी स्टेशनं नाहीत, ओळखीची तेवढी. पायथन शून्यापासून मोजतं हे ऐकून आमच्या वर्गातल्या साहित्याच्या पोरांना धक्काच बसला होता. रेल्वेच्या यादीने माझ्यापुरता तो सोपा केला. 'कितवं स्टेशन?' असं विचारलं तर नागपूर पहिलं. पण 'नागपूरहून किती स्टेशनं पुढे?' असं विचारलं तर नागपूरचं उत्तर शून्य. पायथनचा आकडा या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतो. त्या हिशेबाने आमचं गाव चौथं. आणि यादी कितीही लांब असली तरी शेवटच्या घटकाला उणे एक म्हटलं की तो मिळतो, म्हणजे या यादीत उणे एक म्हणजे पांढुर्णा. यादी उलटी करायची आज्ञा दिली की सुट्टीत घरी येतानाची यादी परत कॉलेजकडे जातानाची होते.

मग नाताळच्या सुट्टीत आजीची यादी सुरू केली. पायथनच्या आताच्या आवृत्तीत यादीचं नाव देवनागरीत ठेवता येतं. मी ठेवलं 'शब्द'. प्रोग्राम सुरू झाला की पाच पर्याय विचारतो: शब्द टाका, काढा, शोधा, यादी दाखवा, बाहेर पडा. पर्यायाचा आकडा मराठी कीबोर्डवरून '१' असा दिला तरी चालतो, पायथन तो आकडा म्हणून ओळखतं. जुन्या काळ्या खिडकीत वेलांट्या नि उकार शब्दापासून सुटून दिसतात, पण आत शब्द शाबूत असतो. आजी बोलायची, मी टाकत जायची.

"कायले लिहून राहिली वं एवढं? पोट भरते का यानं?" हे तिचं पहिल्या दिवसाचं मत. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच लॅपटॉपजवळ येऊन बसली.

तिचा क्रम मजेशीर होता. सुरुवात स्वयंपाकघरातून, म्हणजे तिच्या भाषेत सैपाकातून. गंज म्हणजे उभं भांडं, कोपर म्हणजे पसरट परात, सांभार म्हणजे कोथिंबीर. तिथून ती मागच्या दाराने सांदवाडीत गेली, म्हणजे परसात. मग वावर, वावराचा धुरा, धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी. संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग, आणि बहार धरण्याआधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देणं. पुढे माणसं आली: पोट्टा, पोट्टी, आबाजी. मग घरोघरी जाऊन द्यायचं जेवणाचं आवतन. तिच्या आठवणीला पाय होते, आणि ती घरातून शेताकडे चालत होती.

इथे क्रम लावण्याचा प्रश्न आला. पायथनमध्ये त्याच्या दोन तऱ्हा आहेत. 'सॉर्ट' म्हटलं की ती यादीच हलते आणि जुना क्रम जातो. 'सॉर्टेड' म्हटलं की मूळ यादीला हात न लागता क्रमाने लावलेली वेगळी यादी मिळते. पाठ्यपुस्तकात हा फरक दोन ओळींत संपतो. आजीच्या यादीसाठी तो फार मोठा होता, कारण अकारविल्हे लावली की गंजाशेजारी गोऱ्हा येतो आणि सांभाराशेजारी सांदवाडी. शोधायला सोपं, पण मग ती कोणत्या वाटेने चालत गेली ते दिसत नाही. म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये 'सॉर्टेड' आहे. दाखवायला अकारविल्हे, ठेवायला आजीचा क्रम.

पण अकारविल्हे म्हणजे कोणाची अकारविल्हे? यादीत पळस होता आणि पहाट होती. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे शब्दकोशात पहाट आधी, पळस नंतर. पायथनने पळस आधी लावला. कारण संगणक अक्षर ओळखतो ते युनिकोडमधल्या त्याच्या क्रमांकाने, आणि त्या तक्त्यात ळ बसलाय ल आणि व यांच्या मधे. हा तक्ता इस्की नावाच्या १९८८च्या भारतीय मानकावर बेतलेला आहे. इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच सामाईक क्रम दिला होता, आणि त्यात ळ ची जागा ल च्या शेजारी होती. सोय होती ती, कोणी मराठीवर राग काढला नव्हता.

यावरचा उपाय म्हणजे आणखी एक यादी. मराठी वर्णमाला तिच्या क्रमाने एका यादीत लिहिली, आणि पायथनला सांगितलं की शब्दांची तुलना युनिकोडच्या क्रमांकाने न करता या यादीतल्या जागेने कर. पहाट वर गेली, पळस खाली आला. मी खूश.

आजीने मात्र पळस म्हटलंच नव्हतं. ती म्हणते पयस. आमच्याकडच्या बोलीत ळ चा य होतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, शाळेची शाया. म्हणजे एका झाडाला तीन जागा झाल्या. युनिकोडमध्ये ल नंतर, वर्णमालेत ह नंतर, आणि आजीच्या तोंडात थेट य वर.

मग शोधण्याचा पर्याय अडला. यादीत 'डोळा' असताना 'डोया' आहे का असं विचारलं की प्रोग्राम म्हणतो, नाही. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. तो अक्षराला अक्षर लावून बघतो, एक जरी वेगळं निघालं तर शब्द वेगळा. पण हे दोन शब्द आहेत का? एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत का? की एक शुद्ध आणि एक अशुद्ध? वर्गात निबंधात 'डोया' लिहिला तर खाली लाल रेघ येणार. आणि आजीला 'डोळा' म्हणून दाखवलं तर ती हसून म्हणते, "हे तुह्या कालेजातलं."

याच्याही खाली आणखी एक पायरी आहे. पायथनला विचारलं, 'पांढुर्णा' या शब्दाची लांबी किती? तुम्ही-आम्ही म्हणू तीन: पां, ढु, र्णा. पायथन म्हणतं नऊ. प, काना, अनुस्वार, ढ, उकार, र, हलन्त, ण, काना. त्याच्यासाठी काना हा एक पूर्ण घटक आहे आणि र चा पाय मोडणारी खूणही. आपल्या कानाला जे एक अक्षर वाटतं ते त्याच्या यादीत दोन-तीन-चार असू शकतं. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त घटक वेगळा धरलाय.

हे टाइप करताना मला आमच्या गावाचा इतिहास आठवला, आणि तो घटकाचाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. त्याआधी नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आम्ही त्याच राज्यात होतो. पुनर्रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याच्या पोटातला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही. हद्दी ठरवताना सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. बेळगावच्या सीमावादात महाराष्ट्र 'खेडे हा घटक धरा' असं का म्हणत आलाय, हे मला पुस्तकात वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं या नऊच्या आकड्याने कळलं. जिल्ह्यांची यादी केली की आमचं गाव दिसत नाही, ते एका मोठ्या घटकाच्या आत असतं. गावांची केली की दिसतं.

पुढची गंमत अशी की २०२३च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा केला गेला. मैहर आणि पांढुर्णा धरून आता मध्य प्रदेशात ५५ जिल्हे आहेत. ज्या यादीत आम्हाला स्वतंत्र घटक म्हणून जागा नव्हती तिच्यात ती सदुसष्ट वर्षांनी मिळाली. तोवर तीन पिढ्या हिंदी शाळेत शिकून झाल्या होत्या. मी याबद्दल कोणावर रागावलेली नाही. माझ्या हिंदीने मला खूप दिलंय. पण आजीचे शब्द कोणत्याच शाळेच्या पुस्तकात नाहीत, ना भोपाळच्या ना पुण्याच्या, हेही खरंच.

डोया-डोळा हा गुंता शेवटी सुटला तो यादीच्या आत यादी ठेवून. पायथनमध्ये यादीचा घटक स्वतः एक यादी असू शकतो. म्हणून आता एका शब्दासाठी एक छोटी यादी आहे: आधी आजीचं रूप, मग पुस्तकातलं, मग हिंदीतलं, शेवटी अर्थ. पयस, पळस, पलाश. संत्र्याचं तर संत्रा, संत्रं, संतरा. शून्याच्या जागी आजीचं रूप. शोधताना यातलं कोणतंही दिलं तरी शब्द सापडतो.

आजीला हे समजावताना माझ्या कामी आली तिची रोझरी. "पाच दशकं, आणि एकेका दशकात दहा मणी. माळ एकच, पण आत पाच माळा." हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. मधल्या जागी घटक घालण्याची 'इन्सर्ट' ही आज्ञाही तिनेच मला शिकवली म्हणायला हरकत नाही. रोझरीची रहस्यं पूर्वी तीन प्रकारची होती: आनंदाची, दुःखाची, गौरवाची. २००२मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. ती शेवटी लावली नाहीत, कारण ती येशूच्या जाहीर कार्याची आहेत, आणि ते कार्य जन्मानंतर आणि दुःखसहनाआधी येतं. आजी म्हणाली, "आमच्यावेळी तीनच होते. हे पाच मंग मधात टाकले." 'मधात टाकणं' हे इन्सर्टचं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषांतर आहे.

आता काढण्याचा पर्याय. सरावात तो हवाच होता, पण आजीच्या यादीतून काढायला काय असणार, असं मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी तिने यादी पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "हा काढ. हाही काढ. हे गावठी आहे, कालेजात लोकं हासतीन." असे तिने अकरा शब्द सांगितले. काही शेतातले, काही अंगाचे, एक शिवी, आणि दोन अगदी साधे, ज्यात मला हसण्यासारखं काही दिसेना. मी वाद घातला. बोली ही भाषाच असते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले शिकवलं. मले कोणी शिकवलं?"

नागपूरच्या बाजारात, दवाखान्यात, नातेवाइकांच्या लग्नात तिच्या बोलण्यावर कोण कधी हसलं होतं, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. शब्द तिचे होते.

यादीतून काढण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. 'रिमूव्ह' ही आज्ञा शब्द शोधते आणि काढून टाकते, हातात काही उरत नाही. 'पॉप' ही आज्ञा जागेच्या आकड्यावरून शब्द काढते आणि तोच शब्द आपल्या हाती देते. मी पॉप वापरली आणि आलेला शब्द दुसऱ्या यादीत ठेवत गेले.

"फेकला का?" तिने विचारलं.

"नाही. बाजूला ठेवला."

"बरं. राहू दे मंग तिथंच."

ती दुसरी यादी प्रोग्राममध्ये कोणत्याच पर्यायाने दिसत नाही. सरांना प्रोग्राम दाखवला तेव्हा ती दाखवली नाही, आणि त्या अकरांपैकी एकही शब्द या लेखात नाही.

प्रोग्राम बंद केला की यादी जाते, हेही इथे सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी कोणी करून बघणार असेल तर ते आधीच माहीत असलेलं बरं. यादी संगणकाच्या चालू स्मृतीत असते, खिडकी मिटली की संपली. टिकवायची तर प्रत्येक वेळी फाइलमध्ये लिहावी लागते. विंडोजवर फाइल उघडताना ती यूटीएफ-८ मध्ये आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर देवनागरीचा भरवसा नाही. ज्यांना इंग्रजीतून शिकणं जड जातं त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठीतून धडे आहेत.

सुट्टी संपताना यादीत दोनशे बारा शब्द होते. तरी काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. 'कायले' यादीत होतं, पण 'मले, तुले, घरले' यातला तो 'ले' कुठे ठेवायचा? 'लिहून राहिली' यातलं 'राहिली' तर पुस्तकातही आहे, फक्त आमच्याकडे त्याचं काम वेगळं आहे. शब्दांच्या यादीत भाषेचे सांधे येत नाहीत.

हा प्रश्न जॉर्ज ग्रिअर्सन यांनाही पडला असणार. त्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात शब्दांच्या याद्या आहेतच, पण त्यांनी बोलीबोलीतून एकच गोष्ट सांगून घेतली: लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी-नागपुरीचेही नमुने आहेत. गोष्ट एकच असली की 'मला' कुठे 'मले' होतं ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पण लूकचा तो पंधरावा अध्याय सगळा मोजणीचाच आहे. शंभर मेंढरांतलं एक, दहा नाण्यांतलं एक, दोन मुलांतला एक. मोजलं नसतं तर हरवलेलं कळलंच नसतं.

मी आजीला तीच गोष्ट सांगायला सांगितली. तिने दहा मिनिटं सांगितली. तिच्या गोष्टीत धाकटा गाव सोडून जातो तेव्हा मोठा वावरात असतो. बापाने मेजवानी दिली असं बायबलमध्ये आहे. आजीच्या बापाने "सगळ्याईले आवतन धाडलं". कापलेलं वासरू म्हणजे गोऱ्हा. आणि बाप वाट बघतो तो धुऱ्यावर उभा राहून, हा धुरा तर पूर्णपणे तिचा.

गोष्ट मी टाइप केली, शब्दाशब्दाने तोडून तिची यादी केली, आणि दोनशे बारांपैकी कोणते शब्द तिच्यात आले ते शोधायला सांगितलं. तीन मिळाले. कारण यादीत शोधताना पायथनला पूर्ण शब्द हवा असतो, 'वावरात' आणि 'वावर' त्याला वेगळे. मग शब्दाच्या आत शब्द शोधायला लावला. एकोणीस निघाले. आजीला त्यांतला एकही मी सुचवला नव्हता. काळ्या खिडकीत ते एकाखाली एक आले, आणि मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "मंग? हे तं माहीतच होतं."